वहिनीचं शेपटीवालं इंग्रजी

माझ्या वहिनीला हरवता येत नाही, हे आमच्या घरात सर्वांना फार पूर्वीपासून मान्य आहे. इंग्रजी भाषेला ते कळायला जरा वेळ लागला, एवढंच. वहिनी आमच्या गावी, निरवांगीला असते. मी बारामतीत एका शाळेत भूगोल शिकवतो. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा आमच्या वस्तीपाशी एसटी थांबत नसे, गावात उतरून चालत यावं लागे. वहिनी रोज सकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात करू लागली. जायचं कुठंच नसायचं, फक्त हात करायची. गाडी पुढं निघून गेली की घरी येऊन भाकरी थापायला बसायची. शेवटी एका कंडक्टरनं कंटाळून बेल मारली, आणि तिथं आजही फलक नसलेला एक थांबा आहे. दादाची तंबाखूही तिनं अशीच सोडवली. भांडण नाही, रडणं नाही. दादानं चिमूट तोंडात टाकली की हीसुद्धा एक चिमूट टाकायची. ओकाऱ्या यायच्या, डोळे लाल व्हायचे, पण दादाच्या पुढच्या चिमटीला हात पुन्हा पुढं. दादा आठवडाभरही टिकला नाही. "बाई मरंल म्हणून सोडली," असं तो अजून सांगतो.

तर अशी ही बाई इंग्रजीच्या वाटेला गेली ती भेंडीमुळं. आमच्याकडं ऊस आहे, तो भवानीनगरच्या कारखान्याला जातो आणि त्याचा कारभार दादा बघतो. वहिनीनं गावातल्या बायकांचा गट करून परदेशात जाणारी भेंडी लावली होती. उसाचा पैसा पुरुषांच्या खात्यात जातो, भेंडीचा बायकांच्या, त्यामुळं त्या भेंडीला घराघरात वेगळाच मान होता. बारामतीजवळच्या एका पॅकहाऊसला माल जायचा. बोटभर लांबीची, सरळ, डाग नसलेली भेंडी सकाळी लवकर तोडायची, क्रेट भरायचे आणि गाडीची वाट बघायची. कधी तोडायचं ते पॅकहाऊसचा साहेब फोनवर कळवायचा. हा साहेब नवा होता, केरळचा होता, पंचविशीतला होता आणि त्याला मराठी येत नव्हती. हिंदी यायची, पण त्याच्या हिंदीपेक्षा त्याचं गप्प बसणं जास्त समजायचं. म्हणून तो इंग्रजीत मेसेज लिहायचा. त्याचं नाव बिजू.

एका संध्याकाळी बिजूचा मेसेज आला. वहिनीनं अक्षर अक्षर लावून वाचलं, 'प्लीज होल्ड ऑफ टुमारोज पिकिंग.' घरात इंग्रजीचा अंतिम निकाल दादा द्यायचा, कारण तो बारावीपर्यंत गेला होता. दादानं मोबाईल लांब धरून वाचलं आणि सांगितलं, "होल्ड म्हंजे धरा. पिकिंग म्हंजे तोडा. उद्याचा तोडा धरा, असं म्हणतोय."

"आन मधलं ते ऑफ?"

"ते असंच असतं. इंग्रजीत मधी मधी घालत्यात."

आता आमच्याकडं पाणी धरतात, बहार धरतात, मग तोडा धरायला काय हरकत होती? बायकांनी पहाटेपासून तोडा धरला. क्रेटवर क्रेट रचले. गाडी आली नाही. विमानात माल चढवायला जागा मिळाली नव्हती, म्हणून बिजूनं उद्या तोडू नका असं कळवलं होतं. मग त्या भेंडीचं जे झालं ते निरवांगी विसरणार नाही. घराघरात भेंडीची भाजी झाली, भेंडीचं भरीत करून बघितलं गेलं, शाळेत पोरांच्या ताटात भेंडी पडली, एका बारशाला पाहुण्यांना भेंडी वाढली. मला बारामतीला दोन क्रेट आले. माझ्या मुलांनी शेवटी ताटासमोर बसायचंच नाकारलं.

सगळ्यांनी दादाला हसून घेतलं आणि विषय सोडला. वहिनीनं सोडला नाही. गाडी आली नाही त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला होता.

"भावजी, होल्ड आपल्याला येत हुतं. ते मागचं शेपूट आडवं आलं. आसं शेपूट लावलेलं अजून किती शब्द हायेत?"

मी म्हणालो, "वहिनी, पुष्कळ आहेत. त्यांना अंत नाही."

"अंत न्हाय असं काय नसतं," ती म्हणाली. "उसालाबी अंत असतो."

दुसऱ्या दिवसापासून शेपटीवाल्या क्रियापदांची तोडणी सुरू झाली. कानात वायर घालून, वर पदर घेऊन ती सरीत उतरायची. मोबाईलमधली कुणी बाई तिला शिकवायची आणि वहिनी ते मोठ्यानं म्हणत पुढं सरकायची. भेंडीची लव खाजते म्हणून हातात मोजे, डोक्याला रुमाल, आणि तोंडात 'गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे'. शेजारच्या सरीतल्या बायकांनाही तिनं सोडलं नाही. एका सरीला एक शब्द असा तिनं नेम केला होता, आणि सरीच्या टोकाला गेल्यावर अर्थ सांगितल्याशिवाय पाणी प्यायला मिळत नसे. दादा जेवायला उशिरा आला की ती ताट वाढता वाढता म्हणायची, "आत्ता टर्न अप झाला," म्हणजे उगवला. दादाला वाटायचं आपलं कुठंतरी वळायचं राहिलंय, तो मागं बघायचा.

शब्दांइतकाच तिला म्हणींचाही नाद लागला. 'स्पिल द बीन्स', शेंगा सांडणे, म्हणजे गुपित फोडणे, हे ऐकल्यावर दोन दिवस ती अस्वस्थ होती. इंग्रजांच्या शेंगा कुठल्या, घेवडा की गवार, हे तिला कळायला हवं होतं. मी म्हणालो, घेवडा धरा. पुढं तिच्या नणंदेनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, एका ठरत आलेल्या सोयरिकीची बातमी गावभर केली. वहिनी तिला शांतपणे म्हणाली, "वन्सं, शेंगा तुमी सांडल्या." माझी बहीण अर्धा दिवस स्वयंपाकघराची फरशी बघत होती.

सगळ्यात मोठी लढाई 'अप'शी झाली. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, मेक अप म्हणजे भांडण मिटवणं, पुट अप विथ म्हणजे सोसणं, ईट अप म्हणजे सगळं खाणं. मी भूगोलाचा माणूस असल्यानं अप म्हणजे वर, असं खात्रीनं सांगून बसलो होतो.

"मग ईट अपचं कसं?" तिनं फोनवर विचारलं. "खाल्लेलं वर जातं का खाली?"

मी विषय पावसाकडं वळवला. तिलाही उत्तर बरेच दिवस मिळालं नाही. जेवताना, धुणं धुताना, गोठ्यात धार काढताना ती 'अप'वर विचार करायची. एक दिवस मी निरवांगीला गेलो असताना ती तिच्या धाकट्या लेकीच्या मागं दुधाचा पेला घेऊन फिरत होती. "पिऊन टाक बघू, पिऊन टाक," असं म्हणता म्हणता ती मध्येच थांबली. पेला हातात तसाच. लेक पळून गेली तरी हिचं लक्ष नाही.

"भावजी," ती म्हणाली, "मी तिला दूध टाकाय सांगितलं का प्याय?"

"प्यायला."

"मग टाक का म्हणलं? आन आपण म्हणतो बघा, जरा येऊन जा. यायचं का जायचं? म्हणतो, काय करून बसलास. त्यो तर हुबा असतो." ती चुलीपाशी टेकली. तिच्या चेहऱ्यावर मोठा प्रवास करून घरी पोचलेल्या माणसासारखा निवांतपणा होता. "आपल्या बोलीला बी शेपटं हायेत की. आपल्याला दिसत न्हाईत, कारण आपण त्यांच्याबरोबरच वाढलो. तिकडची माणसं बी अशीच वाढली आसतील. अप म्हंजे काय, ते त्यास्नीबी सांगता येत नसंल."

त्या दिवसापासून ती 'अप'वर चिडली नाही. घरातल्या माणसाच्या खोडीसारखं तिनं ते सोसून घेतलं.

या सगळ्यात बिजू तिचा मास्तर झाला होता. भेंडीच्या घोटाळ्यानंतर तो स्वतः निरवांगीला येऊन माफी मागून गेला होता. वहिनीनं त्याला जेवायला बसवलं आणि अट घातली की यापुढं तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं, चुकलं की तिथंच सांगायचं, आणि हसायचं नाही. तो रोज संध्याकाळी उद्याच्या तोड्याचं सांगायला फोन करायचा. त्या फोनचा धडा होऊ लागला. आधी भेंडी, मग शब्द, मग आज काय जेवलास. तो बारामतीत एका खोलीत एकटा राहायचा, नारळाशिवायच्या भाज्या त्याच्या घशाखाली उतरत नसत, आणि दिवसभरात त्याच्याशी कामाशिवाय कुणी बोलत नसे. हे सगळं वहिनीला इंग्रजीतून समजलं होतं, याचा मला फार अचंबा वाटे. तो तिला 'चेची' म्हणायचा. हा शब्द तिला मोबाईलमध्ये कुठं सापडेना, म्हणून तिनं मला विचारलं. मलाही माहीत नव्हता. तिनं त्यालाच विचारलं, तर तो त्याच्या भाषेतला निघाला. थोरली बहीण. "मी येडी इंग्रजीत हुडकत बसले," असं मला सांगून तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

मग एक दिवस पॅकहाऊसमध्ये बैठकीला बोलावणं आलं. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. लहान गटांचा माल बंद करून मोठ्या बागायतदारांकडूनच घ्यायचा, असं त्यांच्या मनात आहे, हे बिजूच्या आवाजावरूनच वहिनीनं ओळखलं होतं. दादा म्हणाला, "तुझ्या भावजीला बोलू दे. तू गप बस." वहिनी म्हणाली, "भावजी बरोबर येतील. बोलंन मी."

बैठकीत साहेब भराभर बोलले. शेवटी म्हणाले की कंपनी लहान गट 'फेज आऊट' करणार आहे. वहिनी उठून उभी राहिली. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"सर, फेज आऊट आय डोन्ट नो. टेल स्ट्रेट."

साहेबांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. "स्टॉप," ते म्हणाले. "स्लोली."

वहिनीनं मान हलवली. मग ती आठवून आठवून बोलू लागली. तुम्हीच हा गट 'सेट अप' केला, असं ती म्हणाली. औषधाचे नियम आम्ही पाळले, एकदाही 'बॅक आऊट' केलं नाही, माघार घेतली नाही. इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग, आम्ही रोज सकाळी वाकून वाकून भेंडीवर नजर ठेवतो, हे सांगण्याच्या भरात ती म्हणाली, "एव्हरी मॉर्निंग वुई लुक डाऊन ऑन अवर भेंडी." म्हणजे आमच्या भेंडीला आम्ही रोज सकाळी तुच्छ लेखतो. कोपऱ्यात बिजूनं डोळे मिटून घेतले. एक-दोघं हसले. आपलं काहीतरी घसरलं हे वहिनीला कळलं. काय घसरलं ते कळलं नाही. ती थांबली. मला वाटलं, आता बसेल. ती बसली नाही. साहेबांकडं बघत ती म्हणाली, "सर, वुई पुट अप विथ युवर रूल्स. यू पुट अप विथ अवर इंग्लिश."

आम्ही तुमचे नियम सोसतो, तुम्ही आमचं इंग्रजी सोसा. साहेबही हसले, पण ते हसणं वेगळं होतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, माल कसा येतो ते बिजूला विचारलं, आणि बिजूनं जे सांगितलं त्यात एकही शेपूट नव्हतं. "बेस्ट भेंडी, सर." साहेब म्हणाले, बरं, हा हंगाम 'कॅरी ऑन', पुढचं पुढं बघू.

बाहेर आल्यावर वहिनीनं बिजूला गाठून कॅरी ऑनला आणखी काही अर्थ नाही ना, याची खात्री करून घेतली. मग ती पायरीवर बसली आणि पाणी मागितलं.

त्या हंगामापुढचाही हंगाम झाला, गट टिकला. पण बिजूला केरळात त्याच्या गावाजवळ नोकरी मिळाली. त्याचे आईवडील थकले होते. जायच्या आधी तो निरवांगीला आला. वहिनीनं त्याला शेंगदाण्याची चटणी दिली, कडक भाकरी दिल्या, आणि कुठून तरी नारळ मिळवून भेंडीची भाजी केली होती, ती वाढली. इतके शब्द शिकून झाले होते, पण त्या दिवशी दोघांनाही त्यातला एखादा आठवेना.

नवा साहेब फलटणचा आहे. त्याचे मेसेज मराठीत येतात, 'उद्या तोडा नको.' कुणाचा गोंधळ होत नाही, कुणाला काही विचारावं लागत नाही. गटातल्या बायका सुटल्यासारख्या झाल्या. वहिनी मात्र अजून सरीत उतरताना कानात वायर घालते. कशाला आता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "अर्धं शेत सोडून कोण घरी येतं व्हय?" बिजूचा फोन सुरुवातीला दर रविवारी यायचा. आता सणावाराला येतो. त्याचं लग्न झालं, त्याला काम असतं. ती त्याला दोष देत नाही.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. दिवस मावळायला आला होता. वहिनी अंगणात भेंडीचं बी निवडत बसली होती आणि मोबाईल शेजारी पाटावर होता. पूर्वी याच सुमाराला बिजूचा फोन यायचा. तिनं एकदा मोबाईलकडं बघितलं आणि पुन्हा बी निवडू लागली. दादा बाजेवर आडवा पडला होता. इंग्रजीचं नाव काढलं की जो माणूस भेंडीच्या आठवणीनं उठून गोठ्यात जायचा, तो आभाळाकडं बघत म्हणाला, "ते गेट अलाँग का काय, त्येचा अर्थ काय म्हणली हुतीस?"

वहिनीनं मान वर केली. "जमवून घेणं."

"नीट ध्यान दिलं न्हवतं मी," दादा म्हणाला. "पुन्हा एकदा सांग."

वहिनीनं बियांचं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि बाजेच्या कडेला जाऊन बसली. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो, आणि दादानं पहिल्यांदा चुकीचं आणि मग पुन्हा चुकीचं म्हटलेलं आतून ऐकत राहिलो.