बाणाच्या उलट

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत आले, तेही हसण्यासाठी. रिकाम्या खोलीतली पावलं, आपोआप लागणारा दिवा... माझं उत्तर ठरलेलं - आधी वायरिंग तपासा. ताडकळसला आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म नवरा भरतो, बिघडलेली मशीन मी उघडते. मल्टीमीटरला जे दिसत नाही ते नसतंच, असं माझं मत होतं. म्हणजे अजूनही आहे... एक दुपार सोडून.

ती दुपार मागच्या हिवाळ्यातली. जागा - पेडगाव, माझं माहेर, स्वयंपाकघराच्या बाहेरची पडवी. भर उजेड, घरात मी, माय आणि माझा धाकटा भाऊ संतोष. तिघांचीही डोकी ठिकाणावर होती, हे आधीच सांगून ठेवते.

संतोष आधी मस्कतला इलेक्ट्रिशियन होता, आता गावात शेती बघतो आणि विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. त्याची बायको पल्लवी बाळंतपणाला सोनपेठला माहेरी गेली होती. मुलगी झाली. मी तर फॉर्म भरायला आलेल्या अनोळखी लोकांनाही पेढे वाटले. सव्वा महिना होत आला, आता लेकीला घरी आणायचं, तर पल्लवीचा मला फोन.

"अक्का, तुमच्या भावाला सांगा. घरात बिडी हाय तवर मी लेकरू घिऊन येनार न्हाई. रुसून न्हाई सांगायले, हासूनच सांगायले. पन येनार न्हाई."

तिचं बरोबरच होतं. संतोषने बिडी याआधीही सोडली होती, अगदी सगळ्या गावाला सांगून, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे सापडला होता. या वेळी मात्र त्याचा चेहरा उतरला. लेकीचे फोटो बघून बघून मोबाईलची बॅटरी संपवायचा आणि मग बाहेर जाऊन बिडी ओढायचा.

त्याच्याकडे मस्कतहून आणलेलं एक वेपचं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रिक सिगारेट, पडून होतं. त्यात भरायचं द्रव संपलेलं. मग पठ्ठ्याने डोकं चालवलं. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, सरबतवाल्याकडून वाळ्याचा हिरवा इसेन्स, आणि मला बोलावून घेतलं.

"ह्यात तंबाखू न्हाई अक्का. नुसता वास अन् वाफ. हाताला, तोंडाला कायतरी चाळा लागतो म्हणून."

"बंदी हाय आपल्याकडं त्या यंत्राला. अन् पल्लवीला इचारलास का?"

तो ग्लिसरीनची बाटली उलटीसुलटी करत बसला. माझं मन होत नव्हतं. पण ग्लिसरीन असतं घट्ट, चमच्याने नीट मिसळत नाही, आणि त्याला हवं होतं ढवळायचं यंत्र. असलं यंत्र करून बघायची हौस मला कॉलेजपासूनची, तिथे माझा विवेक जरा ढिला पडला.

करायला सोपं आहे. जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा घेतला, त्याच्या मध्यावर मेलेल्या हार्डडिस्कमधली दोन लोहचुंबकं चिकटवली आणि तो पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात बसवला. वर लोणच्याची काचेची बरणी. बरणीत प्लास्टिकमध्ये बंद केलेली एक बारीक लोखंडी कांडी. खाली पंखा फिरला की चुंबकामागे वर कांडी फिरते आणि द्रवात भोवरा तयार होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा - असल्या पंख्याच्या चौकटीवर बाण उमटवलेला असतो. पंखा त्याच दिशेने फिरतो. वायरी उलट्या जोडल्या तर उलटा फिरत नाही, बंदच राहतो. त्याची बनावटच तशी आहे.

स्विच दाबला. हिरवा भोवरा इतका सुंदर फिरायला लागला की माय भाकरीचं पीठ तसंच हाताला घेऊन बघायला आली.

"सुलटं ढवळायलंय," ती खूश होऊन म्हणाली. "तुमच्या अण्णाला न्हाई जमलं कदी."

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ते डावरे होते. चहातली साखरसुद्धा आम्हां सगळ्यांच्या उलट्या दिशेने ढवळायचे. आणि मायचा नियम असा की पुरण एकाच दिशेने ढवळायचं, दिशा बदलली की ते बिघडतं. त्यामुळे सणाच्या दिवशी अण्णांना चुलीपाशी बंदी. ते दारात उभे राहून म्हणायचे, "एक डाव ढवळू दे की." माय पळी उगारायची. मरेपर्यंत त्यांना पुरणाला हात लावायला मिळाला नाही.

यंत्र चालू होतं. संतोष उठला, पत्र्याच्या वळचणीत हात घातला आणि बिडीचं बंडल काढलं. "शेवटची," म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात भोवरा थांबला. क्षणभर बरणीतलं सगळं स्थिर... आणि पुन्हा फिरायला लागलं. उलटं.

मायने आधी पाहिलं.  कमरेला खोचलेल्या बडीशेपेच्या डबीतून एक दाणा काढला आणि बरणीत टाकला. दाणा वर तरंगत उलटा फिरायला लागला.

मी खाली वाकले. पंखाही बाणाच्या उलट फिरत होता. प्लग काढला - थांबला. लावला - पुन्हा उलटा. अडॅप्टर बदलला, तरी उलटा. वायरींची अदलाबदल केली - बंद, म्हणजे जसं व्हायला पाहिजे तसंच. वायरी पूर्ववत केल्या... उलटा. संतोष शेजारी येऊन बसला होता. मोटारी भरण्यात त्याची जिंदगी चाललेली, त्यालाही कळत होतं की हे होऊ शकत नाही.

"अक्का, हे कसं करायलंय?"

"मला काय म्हायीत."

मायने पाट ओढला आणि बरणीसमोर ऐसपैस बसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मग बरणीलाच म्हणाली, "पुरणाला हात लावू दिला न्हाई म्हणून हितं आलाव व्हय? ढवळा आता. पोटभर ढवळा."

संतोषला हसू फुटलं. मग मला. हसता हसता तिघंही रडलो आणि रडता रडता पुन्हा हसलो. अण्णा गेल्यापासून त्या घरात आम्ही असं हसलो नव्हतो. मला भीती म्हणून वाटली नाही. उलट वाटत होतं, हे थांबू नये.

माय संतोषकडे वळली. "तुमचे अण्णा हिला आणायला परभणीला आजोळी आले तवा त्यांच्या बी खिशात बंडल होतं," माझ्याकडे बोट करत ती म्हणाली. "लेकरू हातात दिलं तसं बंडल फेकून दिलं. पुना हात लावला न्हाई. ह्या बडीशेपेवर ऱ्हायले जलमभर."

हे मला माहीत नव्हतं. संतोषलाही नव्हतं. त्याने हातातली बिडी बघितली, बंडल बघितलं, उठला आणि सगळं चुलीत घातलं. परत येऊन बरणीपाशी बसला. "सोडली, अण्णा," एवढंच म्हणाला. मग मायच्या डबीतली बडीशेप तोंडात टाकली.

थोड्या वेळाने लाईट गेली. आली तेव्हा पंखा बाणाच्या दिशेने, शहाण्यासारखा फिरत होता.

ते हिरवं द्रव कुणी ओढलं नाही. मायने ते गोठ्यामागे ओतून बरणी लोणच्याला परत घेतली. मस्कतचं यंत्र मी दुकानात आणून खोललं, त्याची बॅटरी एका टॉर्चला लावली. संतोष त्यानंतर चिडचिडा झाला, झोप उडाली, त्याने बडीशेपेचे पुडेच्या पुडे फस्त केले, पण बिडी पेटवली नाही.

पल्लवी लेकीला घेऊन आली त्या दिवशी घरात पुरणपोळी. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तशी मी मायला सांगायला आत गेले. ती चुलीपाशी एकटी होती. तिने पळी डाव्या हातात घेतली होती आणि पुरण उलटं ढवळत होती. मागे न बघताच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. येक दिस त्यांच्या मनासारखं."

पुरण सैल झालं. पोळ्या तव्यावर फुटल्या. सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या, संतोषने तर ताटात तूप जास्त मागून घेतलं. पल्लवीने लेकीचं डोकं त्याच्या शर्टाजवळ नेण्याआधी शर्टाचा वास घेतला, आणि मग लेक त्याच्या हातात दिली.

पंखा मी दुकानात घेऊन आले. उघडून पाहिला, आतलं सर्किट तपासलं, कुठेच बिघाड नाही. नवऱ्याचं म्हणणं, फिरती वस्तू कधी कधी डोळ्याला उलटी दिसते. दिसत असेल. पण बडीशेपेचा दाणा सावकाश फिरत होता हो, तो तिघांना उलटा कसा दिसेल?  कुणाला उत्तर माहीत असेल तर जरूर कळवा, मी भांडणार नाही.

पंखा आता काउंटरवरच असतो. सकाळी शटर उघडलं की मी तो एकदा लावून बघते. रोज सरळ फिरतो, बाणाच्या दिशेने, जसा फिरायला पाहिजे तसाच. आणि खरं सांगू... रोज मला थोडं वाईट वाटतं.