माशीला आवतण

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाई पुतळाबाईंना, सगळं गाव भांडखोर म्हणायचं आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. खोटं कशाला बोलू? पुतळाबाई येताना दिसल्या की देवगाव रंगारीच्या बाजारातले शेळ्यांचे व्यापारीसुद्धा सावरून बसायचे. माहेर मेंढरांमागे फिरणारं. अक्षराची ओळख नाही, पण जनावराच्या अंगावर माशी कुठं आणि किती वेळ बसते, एवढ्यावरून त्याचं दुखणं सांगायच्या. जखमेत किडे पडलेली मेंढरं त्यांनी परकरात असल्यापासून बरी केली होती.

आमच्या गावात मात्र किडे पडणं हा रोग नव्हता, पाप होतं. शिवी द्यायची तर 'तुला किडे पडतील' अशीच. ज्याच्या गोठ्यात असं जनावर निघायचं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मग लोक काय करणार? जखम झाकायचे. वर पोतं टाकायचे, आणि आत किड्यांचं आयतंच फावायचं.

पोळ्याला गावच्या वेशीतून पहिला बैल आमच्या घरचा जायचा. मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. सासरे वारल्यापासून भावकीतल्या काकासाहेबांचा त्याच्यावर डोळा होता. त्यांचा बैल दुसरा असायचा, आणि दुसऱ्या नंबरचा माणूस पहिल्याच्या पाठीकडे कसा बघतो ते काही मी सांगायला नको.

मी सांगते ते त्या वर्षाचं, जेव्हा वाळूजला कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. माझे मालक, त्रिंबक, तिथं कामाला लागले होते. हौसेनं त्यांनी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून लाल मखमल आणली आणि आमच्या मोऱ्या बैलाला झूल शिवून घेतली. पोळ्याआधी पंधरा दिवस सुट्टीवर आले, तेव्हा नवं जू घालून मोऱ्याला कोळपणीला जुंपलं आणि त्याचा खांदा सोलून काढला. आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. "मायला सांगू नको," असं मला बजावून मालकांनी जखमेवर हळद दाबली, वर पोतं टाकलं आणि कामावर निघून गेले. मी नाही सांगितलं. तेवढी चूक माझी.

आत्याबाई परतल्या त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी खांदेमळण असते. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं म्हणत बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची. मी पोतं काढून मोऱ्याच्या खांद्यावर लोण्याचा हात ठेवला, तर त्यानं असा हिसडा दिला की मी शेणातच बसले. आत्याबाईंना आधी वास आला. जखमेचं तोंड चिंचोक्याएवढं, पण आत सगळं वळवळत होतं.

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "लोणी कामून लावतीस? माशीला जेवायचं आवतण देती का?"

दिवस मावळायच्या आत त्यांनी बांधावरच्या सीताफळाचा पाला पाट्यावर वाटला. "डोळ्याला लागू देऊ नको, आंधळा व्हईल," म्हणाल्या. कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली, पाल्याचा लगदा आत दाबून भरला. थोड्या वेळानं किडे वर यायला लागले, तसे चिमट्यानं वेचले. कडेनं करंजाचं तेल लावलं. सकाळी देवगावहून गुरांचा डॉक्टरही आणवला. "किडं मी काढीन, ताप तो उतरवील," म्हणाल्या आणि त्याला चहा पाजला.

मालक आले ते झूल काखेत मारूनच.

"माय, टाक ही वरून. कुणाला दिसतंय? मान जाईल आपला."

"झुलीखाली पुन्हा माशी बसंल. मान तुझा का बैलाचा?"

"लोक काय म्हणतील?"

"माझ्या तोंडावर म्हणू दे."

मोऱ्या वेशीकडे निघाला तो रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरमाळ आणि उघड्या खांद्यावर हिरवागार लगदा घेऊन. कासरा आत्याबाईंच्या हातात. विधवेनं मानाचा बैल धरायचा नसतो, हेही गावाला नेमकं तेव्हाच आठवलं. लाजेनं मी पदर तोंडात धरला होता.

वेशीत काकासाहेब आडवे आले. "वहिनी, किडं पडलेल्या बैलाला पहिला मान नाय. मागं घ्या."

आत्याबाईंनी त्यांच्या बैलाकडे नीट बघितलं. निळ्या झुलीच्या काठाला माशा घोंगावत होत्या. मोऱ्याच्या लगद्यावर एक बसत नव्हती.

"घ्या मान, भावजी. पर आधी तुमची झूल उचला."

काकासाहेबांनी झुलीला हात लावला नाही. "माशी भावकी बघत नाय," आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या आणि मोऱ्याला घेऊन सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पहिला बैल काकासाहेबांचा गेला. मला रडू आलं ते मान गेल्याचं, बैलाचं नाही.

दुसऱ्या दिवशी, करीला, काकासाहेब मागच्या बांधावरून लपतछपत बैल घेऊन आले. झूल अजून अंगावरच. बैलाची मान खाली, तोंडातून लाळ. "वहिनी, जरा बघता का?"

"असं चोरावानी नाय. झूल काढा अन् वेशीतून आणा. तवर मी पाला वाटते."

"बैल मरंल, वहिनी."

"मरंल तर झुलीनं मरंल. वेस काय लांब नाय."

माझा तर संताप झाला. "आत्याबाई, बैलाचा काय गुन्हा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्याचा नाय. पर हा मागच्या दारानं घेतला तर उद्या सगळं गाव मागच्याच दारानं येईल. तेबी बैल सडल्यावर."

काकासाहेबांनी झूल काढली. आतला खांदा मोऱ्याच्यापेक्षा वाईट होता. तो उघडा बैल घेऊन ते मारुतीच्या पारापुढून, वेशीतून, सगळ्यांच्या देखत आमच्या दारात आले. आत्याबाई पाल्यानं भरलेल्या हातांनी उठल्या आणि मला म्हणाल्या, "बिनआवतणाचा पाहुणा हाय. कालची पोळी घाल त्याला आधी."

दोन्ही बैल वाचले. लाल मखमल मी पुढं गोधडीला लावली.

आत्याबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. मान त्यांनी कधी परत मागितला नाही आणि काकासाहेबांनी दिला नाही. एवढे काही ते सुधारले नाहीत. पोळ्याला वेशीतून पहिला बैल अजून त्यांच्याच घरचा जातो. पण जातो तो उघड्या खांद्यानं, आणि त्याच्यामागं गावातला एकूण एक बैल तसाच.