नात्यातली मनकर्णा

अमरावतीत संध्या गवईच्या शिकवण्याचं नाव होतं. कोचिंग क्लासात ती फळ्यापाशी उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खिशात घालायची. वडील बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. त्या घरातली एम.कॉम. झालेली ती पहिली. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून शुद्ध बोलायचं, हे तिनं कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं. 'मले-तुले' उंबऱ्याच्या आत, 'मला-तुला' बाहेर.

शाळा अर्ध्यात सुटलेल्या बायकांना घरबसल्या बारावी करता यावी म्हणून एका संस्थेनं ऑनलाइन वर्ग काढले, तेव्हा पुस्तपालन शिकवायला साहजिकच संध्याला विचारलं गेलं. बायका अंजनगाव सुर्जीच्या, अकोटच्या, बाळापूरच्या. कोणी अंगणवाडीत मदतनीस होती आणि सेविका व्हायचं तर बारावी पाहिजे म्हणून बसली होती, कोणी नुसती हौस राहून गेली म्हणून.

संध्यानं आतल्या खोलीत पांढरा फळा ठोकला, समोर लॅपटॉप मांडला आणि कोचिंगमध्ये शिकवायची तसंच शिकवायला सुरुवात केली. तासभर तीच बोलायची. मधून विचारायची, "समजलं?" पडद्यावर भराभर अंगठे उमटायचे. ती पुढं जायची. समोरच्या काळ्या चौकटींमागं कोण भाजी चिरतंय, कोण गच्चीत रेंज शोधतंय, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. आपण शिकवतोय म्हणजे त्या शिकताहेत, एवढं सरळ ते गणित होतं.

त्या गणितात बाळापूरची मनकर्णा तेवढी बसत नव्हती. तास अर्ध्यावर आला की तिचा आवाज यायचा, "मॅडम, नावे म्हणजे कोणती बाजू? डावी का उजवी?" खात्यात नावे डावीकडं, जमा उजवीकडं; पुस्तपालनात याहून सोपं काही नसतं, आणि संध्या रोज तासाच्या सुरुवातीलाच त्याची उजळणी घ्यायची. तरी पुन्हा दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. संध्या ओठ आवळून सांगायची, "डावी." सांगण्यातला वैताग लपत नव्हता.

एका संध्याकाळी तास संपला. संध्यानं लॅपटॉपचं बटण दाबलं, म्हणजे दाबलं असं तिला वाटलं, आणि खुर्चीत मागं रेलली. नवरा गजेंद्र चहा घेऊन आला.

"दमली काय?" त्यानं विचारलं.

"दमू नाही तं काय करू! थे बाळापूरची मनकर्णा हाय ना, तिच्या डोक्यात माती भरेल हाय माती. नावे कोणती, जमा कोणती, रोज थेच. तिले सात जन्मात बारावी होत नाही. कावून येते शिकाले, काय माहीत! भाकरी थाप म्हणा घरी बसून."

गजेंद्र हसला. तीही हसली. हसण्यात कपातला चहा बशीत सांडला.

तेवढ्यात लॅपटॉपमधून हळूच आवाज आला. अंजनगावची सीमा होती. "मॅडम... तुमचा माइक चालू हाय."

संध्यानं पडद्याकडं पाहिलं. चौकटी अजून तशाच होत्या. मग एकेक नाव गळायला लागलं. 'मनकर्णा बाळापूर' ही चौकट बराच वेळ राहिली. मग तीही गेली.

संध्यानं आजवर या बायकांपुढं कधी वऱ्हाडी शब्द काढला नव्हता. आपली बाई आपल्यासारखीच बोलते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं आणि ते असं कळलं.

"जाऊ दे," गजेंद्र म्हणाला. "इसरतीन लोकं."

चूक झाली होती, पण तिला खरी लाज दुसऱ्या दिवशीच्या वागण्याची वाटावी, असं तिनं पुढं करून ठेवलं. तास सुरू होताच ती घसा खाकरून म्हणाली, "काल तांत्रिक अडचणीमुळे आमचं काही घरगुती बोलणं तुमच्या कानावर गेलं. आमच्या नात्यात एक मनकर्णा आहे, तिच्याबद्दल चाललं होतं. कुणी गैरसमज करून घेऊ नये."

मग पडद्यावर अक्षरं उमटली. 'ठीक आहे मॅडम.' त्याखाली पुन्हा, 'ठीक आहे मॅडम.' आणि अंगठे. संध्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि घसारा शिकवायला घेतला.

मनकर्णा त्या दिवशी नव्हती. नंतरही आली नाही. आठवडा उलटला आणि सीमाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुमच्या नात्यातली मनकर्णा बी बाळापूरचीच हाय काय?"

संध्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिकडून सीमाच म्हणाली, "ठेवते मॅडम," आणि फोन बंद झाला. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. त्या 'ठीक आहे मॅडम'चा अर्थ एवढाच होता, की बाई खोटं बोलतेय तर बोलू द्या, तिला आपण कशाला उघडं पाडायचं. ज्यांना ती अडाणी समजत होती त्यांनी तिची लाज झाकली होती.

पुढच्या रविवारी ती एसटीनं अकोल्याला उतरली आणि तिथून बाळापूरची गाडी धरली. गजेंद्र येतो म्हणाला होता, तिनं नको म्हटलं. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका बोळीत, विचारत विचारत घर सापडलं. दारात मनकर्णाची सासू दुर्गाबाई तुरीची डाळ पाखडत होती. अमरावतीच्या मॅडम आल्यात म्हटल्यावर म्हातारी लगबगीनं उठली, सतरंजी टाकली, पदर सावरून बसली.

"मावशी, मनकर्णा क्लासात येत नाही. म्हणून आली मी."

"थे बंद केलं आमी," दुर्गाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट आदरच होता. "फोन इथंच ठेवेल होता, आवाज मोठा करून. तुमचं बोलणं समद्यायनं आइकलं. मी मनलं, मॅडम येवढ्या शिकेल, त्या काय खोटं सांगतीन? डोक्यात नाही तं नाही. कावून लेकरू दमवा? थ्या दिवसापासून भाकरी थापते बापा, तुमी सांगतलं तशी."

म्हातारी हे टोमणा म्हणून बोलत नव्हती. गुरुजनांचा शब्द तिनं मानला होता, इतकंच. संध्याला वाटलं, तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतून मनकर्णा चहा घेऊन आली. तिशीच्या आतबाहेरची, सावळी, हातावर पीठ वाळलेलं. तिनं कप ठेवला आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

संध्या म्हणाली, "मावशी, मी वंगाळ बोलली. मंग थे झाकाले खोटंबी बोलली. तिच्या डोक्यात काही कमी नाही. मलेच तिची अडचण समजली नाही." आणि मनकर्णाकडं वळून विचारलं, "तुले थे डावं-उजवं रोज कावून विचारा लागे?"

मनकर्णा जमिनीकडं पाहत म्हणाली, "फोन ह्यायच्याजवळ राह्यते. हे जिनिंगच्या कारखान्यातून घरी आले का मंग मी जॉईन होत होती. तवा तुमची उजळणी होऊन जाये."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"तुमी समजलं का म्हून विचारत होत्या. त्याले हो म्हना लागते, मॅडम. फोन कवा भेटते, थे कोनी विचारलं नाही."

संध्यानं वर्गाची वेळ बदलते, तू परत ये, असं सांगून पाहिलं. दुर्गाबाईनं सुनेकडं पाहिलं, "जायचं असंन तं जाय वो."

मनकर्णानं मान हलवली. "तुमी येवढ्या लांब आल्या, मले बरं वाटलं. पन तुमच्या क्लासात आता नाही बसवत. तुमी काहीबी शिकवा, मले थेच आइकू येईन."

चहा थंड झाला होता, तो संध्या सगळा प्याली आणि उठली.

सोमवारी वर्गात तिनं सांगितलं, "माह्या नात्यात कोनी मनकर्णा नाही. मी तुमच्यासंग खोटं बोलली." हे तिनं वऱ्हाडीतच सांगितलं. त्या दिवशी अंगठे उमटले नाहीत. तिलाही ते नको होते.

मग तिनं एकेकीला फोन लावला. शिकण्याबद्दल काही न विचारता, फोन कोणाचा, घरात केव्हा मोकळा असतो, रेंज कुठं येते, एवढंच विचारलं. वर्ग जेवणं आटोपल्यावर घ्यायचं ठरलं. धडा ती छोट्या छोट्या तुकड्यांत रेकॉर्ड करून आधीच पाठवू लागली, म्हणजे उशिरा आलेलीचं काही बुडायचं नाही. वर्गात तिघी-तिघींचे गट पाडून त्यांनाच सोडवायला लावायची. सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. प्रश्न विचारून थांबायचं, समोरून नुसती शांतता, कुठं भांडी घासल्याचा आवाज, आणि आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही. कितीदा तरी तिनं ओठ दाताखाली धरले. पण हळूहळू आवाज येऊ लागले. "मॅडम, मले नाही समजलं," असं सीमा पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा संध्याला अंगठ्यांपेक्षा ते फार मोलाचं वाटलं.

मनकर्णासाठी तिनं त्याच संस्थेच्या अकोल्याच्या केंद्रात शिकवणाऱ्या प्रीतम सरांना गळ घातली. मनकर्णा त्यांच्या वर्गात बसली. पुस्तपालन एकदा राहिलं, दुसऱ्यांदा निघालं. आता ती अंगणवाडीत सेविका आहे. हे संध्याला प्रीतम सरांकडून कळलं. मनकर्णाकडून काही आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा धरायचा आपल्याला हक्क नाही हे तिला पटलेलं होतं.

गेल्या वर्षी अकोल्यात ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांची कार्यशाळा झाली. निवेदकानं ओळख करून दिली, "यांच्या वर्गातून कुणी गळत नाही." टाळ्या झाल्या. संध्या माइकसमोर आली आणि म्हणाली, "एक गळली होती. माझ्यामुळं." मग तिनं थेट कामाचं बोलायला घेतलं.

त्यानंतर काही कामानं ती खामगावला जात होती. बाळापूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ उभी राहिली. मनकर्णाची अंगणवाडी इथून फार लांब नसावी, उतरलं तर भेट होईल, असं एकदा मनात आलं. तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग पुन्हा खाली ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं बघत राहिली.