आतोबांची इस्त्री

इस्त्री कपड्यांसाठी असते, हे आमच्या आतोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. ती सर्किट छापायलाच जन्माला आली आणि लोकांनी तिला उगाच शर्टांच्या कामाला जुंपलं, असं ते ठामपणे सांगत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, रोह्याच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. नव्वदच्या दशकात त्यांना सर्किटच्या पाट्या बनवण्याचा नाद लागला. सर्किटची आकृती गुळगुळीत कागदावर झेरॉक्स करायची, तो कागद तांबं चढवलेल्या पाटीवर पालथा घालून वरून कडक इस्त्री फिरवायची. कागदाची काळी शाई तांब्याला चिकटते. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात सोडली की उघडं तांबं विरघळतं आणि शाईखालच्या रेघा तेवढ्या उरतात. "वायर उंदीर खातो. ही रेघ कोण खाणार?" असं विचारून ते उत्तराची वाट बघत नसत.

रोह्याच्या झेरॉक्सची शाई त्यांना फिकी वाटे, म्हणून सुट्टीच्या दिवशी एसटीने कोलाड, गडब मागे टाकत ते पेणला येत. मी तिथे रामवाडीत राहून शाळेत शिकवत होतो. गुळगुळीत कागद म्हणून आमच्या भिंतीवरची कॅलेंडरं त्यांना फार आवडत. एका वर्षी आमचा डिसेंबर ऑगस्टमध्येच गेला. झेरॉक्सवाला घाबरून म्हणाला, "काका, हा कागद अडकला तर मशीन जाईल माझं." आतोबा म्हणाले, "अडकला तर मी काढतो." कागद अडकलाच. आतोबांनी दुपारभर मशीन उघडून ठेवलं, गिऱ्हाइकांना परत पाठवलं, आणि जोडल्यावर ते पहिल्यापेक्षा काळं छापू लागलं. घरी श्रीखंडाच्या डब्यात ते तपकिरी पाणी असे आणि त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर त्याचे डाग. आत्या साडी पुढे करून म्हणे, "बघा, तुमची रेघ माझ्या पदरावर उमटलीय." आतोबा पदर उजेडात धरून म्हणत, "सुबक आलीय."

मग एका तापात आत्याचे कान गेले. मुंबईहून आणलेलं कानाचं यंत्र शिट्ट्या मारायचं, ते तिने कपाटात ठेवून दिलं. लोक दार वाजवून परत जाऊ लागले. एकदा गडबची तिची धाकटी बहीण अर्धा तास दार ठोकून, पायरीवर बसून निघून गेली. शेजारणीने ते नंतर खुणेने सांगितलं. त्या दिवशी आत्या जेवली नाही. "मी घरातच होते गो," असं बहीण समोर नसताना पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

पुढच्याच सुट्टीला आतोबा नवी आकृती घेऊन पेणला आले. दाराशी बटण, स्वयंपाकघरात दिवा. बटण दाबलं की दिवा मिनिटभर लुकलुकत राहायला हवा, म्हणजे पाठ फिरलेल्या माणसालाही भिंतीवरचा उजेड दिसेल. त्यासाठी पाटी हवी. या वेळी आत्याही सोबत आली होती, म्हणून ती आमच्याच घरी करायला घेतली. कागदावरची आकृती तांब्यावर उलटी उमटते, म्हणून मुळात उलटी काढावी लागते. हे सगळ्यांना शिकवणारे आतोबा पहिल्या पाटीला स्वतःच विसरले. दुसऱ्या वेळी कागद घाईने सोलला आणि रेघा तुटल्या. त्यांनी तिसरा कागद पाटीवर ठेवला. आत्या चुलीपाशी उभी राहून बघत होती. ती पुढे आली. "तुमचा हात हलतोय. द्या इकडं." तीस वर्षं कॉलरी सरळ करणाऱ्या हाताने तिने कागदावर इस्त्री दाबली, कडा फिरवल्या, आणि पाटी गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. एकही रेघ तुटली नाही.

महिन्याभरात बहीण पुन्हा आली. बटण दाबलं, आत्याने दार उघडलं. बहिणीने कानाला बोट लावून विचारलं,

"ऐकू आलं व्हय तुला?"

"नाय गो, दिसलं."

आतोबांनी मग एक बटण आपल्या खुर्चीच्या हाताला बसवलं. दिवा लुकलुकला की आत्या ओले हात पुसत बाहेर येई आणि विचारी, "काय हवंय?" आतोबा मान हलवून काही नाही म्हणत. ती चिडे, आणि मग तिथेच शेजारी बसे. दिवसातून चार-पाचदा तरी हे चाले.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाटी अजून चालते. मी रोह्याला गेलो की दाराशी बटण दाबतो आणि खिडकीतून आत बघतो. आत्या हात पुसत बाहेर येते, आधी खुर्चीकडे बघते, मग दाराकडे.