मधलं सूत

गणिताचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. जगभरातली माणसं हौसेनं त्याचा कोड लिहितात आणि तितक्याच हौसेनं एकमेकांच्या चुका काढतात. सात रस्त्याजवळच्या क्लासमध्ये गणित शिकवून उरलेल्या वेळात मीही त्यात उडी घेतली. काम छोटंसंच होतं. रंगांचा क्रम दिला की तो मध्यापर्यंत जाऊन उलटा परत यावा आणि दोन्ही बाजूंनी सारखा पट्टा तयार व्हावा. दूरदेशीच्या एक बाई ते तपासायच्या. हा शब्द बदला, ते उदाहरण जोडा, असं करत त्यांनी तीन महिने माझा घाम काढला. अखेर निरोप आला: सगळ्या चाचण्या पास, आज संध्याकाळी नव्या आवृत्तीत घेते. मी हवेत!

त्याच आनंदात पट्टा रंगीत छापून आप्पांना दाखवायला नेला. आप्पा, म्हणजे माझे वडील, जेऊरहून सोलापुरात आले ते चादरीच्या कारखान्यात. नक्षीबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भोकं असतील तशी मागावर सुतं उचलली जातात.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "लई चांगलं दिसतंय. पण हितं मधी निळं दोनदा कसं आलं गं?"

"मध्यापर्यंत जायचं आणि उलटं यायचं, आप्पा."

"व्हय की. पण मधल्या सुतावरनंच वळायचं असतंय. त्येला परत कशाला मोजायचं? चादरीत मधोमध जाड रेघ दिसंल."

"सगळ्या चाचण्या पास आहेत!" मी तावातावानं म्हणाले, आणि म्हणता म्हणताच घोळ ध्यानात आला. चाचण्यांमधली 'बरोबर' उत्तरं मी हातानं न काढता माझ्याच कोडकडून काढून चिकटवली होती. पोरांना 'आधी हातानं करा' म्हणून ओरडणारी मी!

सांगितलं तर ही आवृत्ती हुकणार. गप्प बसले तर संध्याकाळी नव्या आवृत्तीत माझं नाव लागणार. खरं सांगते, चहा गार होईपर्यंत मी गप्प बसायच्याच बेतात होते. आप्पा मात्र शेजारी बसून पेन्सिलीनं तोच पट्टा एकेक सूत मोजत दुरुस्त करत होते. मला माझीच लाज वाटली. तिथंच फोनवर लिहिलं: थांबा, चूक आहे.

आवृत्ती हुकलीच. बाईंनी विचारलं, चूक धरली कुणी? या प्रकल्पाची रीत अशी, की काम तपासणाऱ्याचं नावही त्या कामाशी कायमचं नोंदवतात. मी वडिलांचं नाव कळवलं.

पुढच्या आवृत्तीत माझ्या नावाखाली त्यांचं नाव आलं. आप्पांच्या हातची नक्षी हजारो चादरींवर गेली, पण लेबल कायम कारखान्याचं. त्यांनी इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत आपलं नाव दोनदा वाचलं.

"जेऊर न्हाय लिवलं?"

मला हसूही आलं आणि रडूही. "गावाला रकाना नाही, आप्पा."

"मग रकाना पाड की. तुला येतंय न्हवं आता?"