लीड्सचा लिंबूटिंबू

निघायच्या दिवशी तुम्ही स्टँडवरची पोरं मला माझ्याच रिक्षातून मिरज स्टेशनला सोडायला आलात. रिक्षा आदल्या आठवड्यात बबन्याला विकली होती, त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यात मागं बसलो. शेजारी बाबा. वाटेत ते एकच बोलले, "लहानपणी राज्य आलं की खेळ सोडून घरी पळून यायचास. आता तिकडनं पळून येऊ नकोस."

माझी बायको सुनीता आधीच इंग्लंडात लीड्सच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली होती. तिला नोकरी मिळाली, मला व्हिसा मिळाला. माझं शिक्षण चौथी, तीही दोनदा.

तुम्ही सगळे अजून विचारता, तिथं नेमकं काय करत होतास? पोरगं सांभाळत होतो. हसून घ्या.

सुनीताच्या वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या. त्यांचा ईशान साडेतीन वर्षांचा. त्यांना मराठी बोलणारं माणूस पाहिजे होतं, आणि मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. पोराला खायला घालायचं, झोपवायचं आणि 'सोशल स्किल्स' शिकवायची. म्हणजे चार पोरांत मिसळायला शिकवायचं. मी म्हटलं, मॅडम, ह्यात शिकवायचं काय? पोरगं गल्लीत सोडलं की झालं. पण लीड्सला गल्ली होती, पोरं नव्हती. पोरं सगळी चर्चच्या हॉलमध्ये. त्याला प्लेग्रुप म्हणायचं. तिथं आया, आज्या आणि एक मिशीवाला मी. प्लेग्रुप चालवणारी म्हातारी मार्गारेट पहिल्याच दिवशी मला 'लव्ह' म्हणाली. तिथं सगळ्यांनाच म्हणतात, पण मला काय माहीत? सुनीताला सांगायला मला चार दिवस लागले.

ईशान चावायचा. कुणी खेळणं घेतलं, चावला. नंबर लावायला सांगितला, चावला. नर्सरीवाल्या बाई गोड बोलून म्हणाल्या होत्या, सप्टेंबरपर्यंत जरा शांत होऊ दे, मग घेऊ. मॅडमनी मला सांगितलं, "दादा, नाही जमलं तर ह्याला पुण्याला माझ्या आईकडं ठेवावं लागेल." आणि फ्रिज उघडून नुसत्याच आत बघत उभ्या राहिल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे संगीत खुर्ची. आउट झाला की हा टेबलाखाली जाऊन हातपाय आपटणार. वैतागून मी आपला गल्लीतला उपाय काढला. सगळ्यात लहान पोराला आपण लिंबूटिंबू करतो ना? खेळायचं, पण आउट व्हायचं नाही, राज्य घ्यायचं नाही. मार्गारेटला हातवारे करून समजावलं. तिला काय समजलं देव जाणे, पण ती हो म्हणाली.

मग तर पोरगं राजाच झालं. आउट झाला तरी दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायला लागला. घसरगुंडीवर रांग मोडून वर. विचारलं तर म्हणे, "मी लिंबूटिंबू." शेवटी मार्गारेटनं मला बाजूला घेतलं. "कधीतरी प्रत्येकाला आउट व्हावंच लागतं, लव्ह." एवढं इंग्रजी मला समजलं, हेच माझं दुर्दैव.

घरी उशा मांडून सराव केला. मी, ईशान आणि कापडी अस्वल. अस्वल जिंकलं म्हणून हा मला चावला.

उन्हाळ्यात एक दिवस मार्गारेटनं मोठ्यांनाही खेळात ओढलं. गाणं थांबलं. मी बसलो, पण त्या बोटभर खुर्चीवर माझं अर्धंच अंग मावलं, उरलेल्यानं मला खाली ओढलं. मी जमिनीवर, मिशीला बिस्किटाचा चुरा. सगळी पोरं ओरडली, "आउट!"

ईशान पुढं आला. "नो. काका आउट नाही. ही इज लिंबूटिंबू."

क्लोई नावाची पोरगी म्हणाली, "व्हॉट्स दॅट?"

ह्यानं विचार केला. "ही कान्ट डू इट. वी लेट हिम."

ह्याला जमत नाही, आपण सांभाळून घ्यायचं. आल्यापासून माझं लीड्समध्ये काय चाललं होतं, ते ह्या पोरानं दोन वाक्यांत सांगितलं.

"ओके," क्लोई म्हणाली. पुढच्या फेरीत मी खेळात राहिलो आणि एक खुर्ची कमी पडली ती ईशानला. मी टेबलाकडं बघितलं. तो टेबलाकडं गेलाच नाही. क्लोईही आउट होती, तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि दोघं मिळून मला ओरडायला लागले, "काका, सिट! आता सिट!"

सप्टेंबरात तो नर्सरीत गेला. दारात एकदाही मागं वळून बघितलं नाही. मीच तिथं रिकामी बाबागाडी धरून उभा. पुण्याचा विषय मॅडमनी परत काढला नाही.

त्या दिवाळीत मी मिरजेला आलो होतो, आठवतं? बबन्यानं रिक्षाला हात लावू दिला नाही. "तू बस रे, पाहुणा तू." पत्ते खेळताना मी चूक केली तर तुम्ही गपचूप सोडून दिलीत. आईनं माझं पाणी वेगळं उकळून ठेवलं. मला काय कळत नव्हतं होय? मला लिंबूटिंबू केलं होतं.

लीड्सला परत गेल्यावर ईशानची धाकटी बहीण माझ्याकडं सांभाळायला आली. तिला घेऊन प्लेग्रुपला गेलो. उशीर झाला होता. मार्गारेट दारातच म्हणाली, "कुठं होतास, लव्ह? आज कप धुवायची पाळी तुझी." सिंकमध्ये तीसेक कप. प्रत्येकाच्या तळाशी चहा वाळलेला. मी शिव्या देत देत बाह्या वर केल्या.

संध्याकाळी फोनचं कार्ड खरवडून, नंबर दाबून बाबांना फोन लावला. सांगितलं, आज माझ्यावर राज्य आलं होतं.

"मग? पळालास?"

"कुठं पळणार?" मी म्हटलं. "घरीच होतो."