बंद घराचा मेन स्विच

तुडील गावी सावित्री नदीच्या काठच्या शेवाळाचा वास आला की मला माझा फसलेला सूड आठवतो. नदीची पातळी मोजणारं यंत्र आम्ही महाडात बनवत होतो, आणि आमच्या पोलादपूरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत मला सुनावलं होतं, "तू वडे खातोस तसा तुझा कोड बॅटरी खातो." तेव्हापासून मी त्यांची चूक शोधत होतो, आणि ती मला कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात सापडली. चिपच्या प्रत्येक भागाला ठोके देणारं एक क्लॉक लागतं, आणि कुणीच न मागितलेली क्लॉक कर्नल बॅटरी वाचवायला सुरुवातीलाच बंद करून टाकतो. साहेबांनी मात्र अशाच एका बेवारशी क्लॉकवर 'अत्यावश्यक, बंद करू नये' अशी खूण करून ठेवलेली. मी ती खूण गुपचूप काढली आणि तुडीलच्या सरपंचांना यंत्र दाखवायला गेलो तेव्हा नदीकाठी, साहेबांच्या देखतच, ऐटीत म्हणालो, "सरपंच, आता बघा बॅटरी कशी टिकते, साहेबांना जमलं नाही ते." लॅपटॉपवर 'न वापरलेली क्लॉक बंद करत आहे' एवढं उमटलं आणि यंत्र गार पडलं. ते क्लॉक मेमरीचं होतं, जिच्याशिवाय यंत्र चालतच नाही, आणि मेमरी बापडी तोंडाने कधीच काही मागत नाही. साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुंबईवाल्याचं घर बंद दिसलं म्हणून मेन स्विच पाडलास होय रे? वाडीचा पंप त्याच्यावरच हाय." सरपंच पोट धरून हसले. सूड अजून बाकी आहे. फक्त हल्ली साहेबांचा स्विच पाडण्याआधी मी पंप कुठे आहे ते बघून येतो.